मातीत न गेलेली हाडं

आखन,
१२ ऑक्टोबर २०२४

आदरणीय लहूमामा,
सप्रेम जयभीम.

तुम्हाला फोनवर आता काहीच ऐकू येत नाही आणि ते मशीन तुम्ही कानाला लावत नाही, असं आई म्हणाली. म्हणून तुमच्या अटीप्रमाणे कागदावर लिहिते आहे. पोस्टाला पंधरा-वीस दिवस लागतील, इलाज नाही.

तुम्ही विचारलंत, जर्मनीत नेमकं करतेस काय? आल्झो (हा शब्द इथे आपल्या ‘तर’सारखा तोंडात बसतो), आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये एक स्कॅनर आहे. त्यात हाड ठेवलं की केसाहून बारीक भेगही दिसते. आजवर मी त्यात खुब्याचे बनावट सांधे तपासत होते. गेल्या महिन्यात सहा पेट्या आल्या. प्रत्येकीत माणसाची एक कवटी.

ड्युसेलडॉर्फजवळ एका जुन्या व्यापारी घराण्याची स्टिफ्टुंग आहे, म्हणजे आपल्याकडच्या ट्रस्टसारखी संस्था. त्या घराण्यातला एक डॉक्टर १८८७ साली जहाजाने कॅरिबियन बेटांवर गेला होता, त्याने ह्या आणल्या. पेटीवर त्याच्या हातची चिठ्ठी आहे: ‘काराइब. नरभक्षक जमात. गुहेतील प्राचीन दफन.’ हे लोक स्वतःला कालिनागो म्हणतात. डॉमिनिका नावाच्या बेटावर ते आजही राहतात. त्यांच्यातल्या मिसेस ऑगस्त नावाच्या बाई चार वर्षं पत्रं लिहितायत की आमची माणसं परत द्या. स्टिफ्टुंग म्हणते, हजार वर्षांपूर्वीची हाडं तुमचीच कशावरून? म्हणून आमच्या प्रोफेसरांकडून तज्ज्ञ अहवाल मागवलाय आणि काम माझ्याकडे आलंय.

परवा स्टिफ्टुंगच्या लोकांची ‘शोधयात्रींची संध्याकाळ’ होती. आम्हालाही बोलावलं होतं. जहाजाच्या आकाराचा केक, साखरेची शिडं, त्यावर लाल क्रॉस. सोबत रम. संचालिका फ्राऊ ब्रिंकमान यांनी जहाजावर सुरी चालवली आणि टाळ्या पडल्या. एक गृहस्थ मला म्हणाले, “तुम्ही खऱ्या इंडियन ना? म्हणजे कोलंबस तुम्हालाच शोधत होता!” सगळे हसले. मीही हसले, मामा. घरी येऊन दोनदा दात घासले.

एक विचारायचं होतं. ह्या कवट्या हाताला तुपकट लागतात. प्रोफेसर म्हणतात, जुनं वार्निश आहे. तुम्ही मेडिकल कॉलेजात क्लार्क होतात. हाडांमधलं कळणारं कोणी ओळखीचं आहे का?

तुमची,
मैत्री


वसमत,
४ नोव्हेंबर २०२४

चि. मैत्रीस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तीनदा वाचले.

वार्निश इतकी वर्षे बोटाला लागत नसते. एक काम कर. कवटी टिपकागदावर ठेव आणि दोन दिवसांनी कागद बघ. मग बॅटरीने खालच्या भोकातून, जिथे मणका बसतो तिथून, आत बघ. माती आहे का? मातीत राहिलेल्या हाडाला मातीचा रंग चढतो, कितीही धुतले तरी जात नाही. जबडा तारेने बांधलेला आहे का, तेही बघ. फोटो मोठे काढून पाठव. माझ्याकडे भिंग आहे.

मला हे कसे ठाऊक, ते विचारू नकोस. मेडिकलला होतो, इकडचे तिकडचे कानावर पडते.

तुझ्या त्या केकचे वाचून मला शाळा आठवली. ‘कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला’ असे आम्ही घोकायचो. जिथे माणसे चूल पेटवून बसली आहेत तिथे जाऊन शोध कसला लावतात? आमच्या वस्तीचाही शोध दर पाच वर्षांनी लागतो, मतदानाच्या आधी. पण ते निदान केक कापत नाहीत.

जेवत जा. तुझा आवाज ऐकू येत नसला तरी फोटोत तू वाळलेली दिसतेस.

तुझा मामा,
लहू


आखन,
२३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय लहूमामा,
सप्रेम जयभीम.

टिपकागदावर डाग पडला. पिवळा, भज्याच्या कागदावर पडतो तसा. आत मातीचा कण नाही. जबडे तारेने बांधलेले आहेत.

आणखी एक. पुरलेल्या हाडात जिवाणू शिरतात आणि त्यांनी पोखरलेली बारीक बिळं आमच्या स्कॅनरवर दिसतात. ह्या सहांपैकी एकातही बीळ नाही. प्रोफेसर म्हणाले, गुहा कोरडी असेल.

सहावी कवटी लहान मुलीची असावी, असं चिठ्ठीवरून वाटतं. तिची पहिली कायमची दाढ नुकती वर येत होती. म्हणजे सहा वर्षांची.

मी थोडं वाचलं. इंग्रजीतला ‘कॅनिबल’ हा शब्द ह्याच लोकांच्या नावावरून आला. कोलंबसाला दुसऱ्या बेटांवरच्या लोकांनी सांगितलं की पलीकडचे माणसं खातात, आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. पुढे १५०३ मध्ये स्पेनच्या राणीने परवानगी दिली की माणसं खाणाऱ्यांना पकडून गुलाम करायला हरकत नाही. मग काय, ज्या बेटावरून माणसं हवीत तिथले सगळे नरभक्षक! खाणीत आणि शेतात राबून, देवीच्या साथीत, तलवारीने, बेटंच्या बेटं रिकामी झाली. मी हे ट्राममध्ये बसून वाचत होते. समोर एक माणूस सॉसेज खात होता. मी उतरून पुढचे दोन स्टॉप चालत गेले.

फ्राऊ ब्रिंकमान लॅबमध्ये येऊन गेल्या. म्हणाल्या, “आमच्या डॉक्टरांनी आणल्या म्हणून आज शिल्लक आहेत. तिथे असत्या तर भुगा झाला असता.” मग लहान पेटीवर हात ठेवला, कुत्र्याच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि म्हणाल्या, “इथे त्यांचं छान चाललंय.”

अहवाल नाताळाआधी द्यायचाय. माझा नोकरीचा करार, इथे फेरट्राग म्हणतात, मार्चअखेर संपतो आणि तो वाढवणं प्रोफेसरांच्या हातात आहे. ते म्हणाले, “गेनाऊ, म्हणजे काटेकोर, काम कर, पण जपून लिही.”

फोटो सोबत आहेत. बाहेर पाठवायची परवानगी नाही, तेव्हा कोणाला दाखवू नका.

मैत्री


वसमत,
१४ डिसेंबर २०२४

चि. मैत्रीस,
जयभीम.

फोटो सकाळी उन्हात बसून पाहिले. आता खरे लिहितो. हे तुझ्या आईलाही नीट माहीत नाही.

मी कॉलेजात क्लार्क नव्हतो. डिसेक्शन हॉलचा अटेंडंट होतो, एकतीस वर्षे. बेवारस मढी यायची. त्यांत औषध भरायचे, टाकीत ठेवायचे, पोरांचे शिकून झाले की हाडे काढायची. हाडे उकळून काढतात. मागच्या अंगणात पत्र्याखाली मोठा पिंप होता, त्यात सोडा टाकून उकळायचे आणि सुरीने खरवडायचे. जबड्याच्या कोपऱ्याशी मांस घट्ट असते, तिथे सुरी दोन-तीनदा आडवी फिरवावी लागते. तुझ्या चौथ्या फोटोत त्याच आडव्या रेघा आहेत. मी पाहिल्या आणि माझे मनगट आपोआप तसे वळले.

घाईने उकळले तर तेल पूर्ण निघत नाही. मग हाड शंभर वर्षे तुपकट राहते. आमचे साहेब अशा हाडासाठी मला शिव्या द्यायचे.

ही माणसे कुठल्या गुहेतली नाहीत. ही मातीत गेलीच नाहीत, मैत्री. मेल्यावर एक-दोन दिवसांत उकळलेली आहेत. ती पोरगीही.

म्हणजे बघ. तो डॉक्टर जहाजातून उतरतो, सहा वर्षांच्या पोरीचे मुंडके कापतो, हंड्यात शिजवतो आणि मग बसून सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहितो की हे लोक माणसे खातात! तो हंडा कोणाचा होता? जहाजाच्या भटारखान्यातला? नंतर त्यात कालवण झाले का? हा विचार आला आणि मला ओकारी झाली. अंगणातच, तुळशीच्या डब्याशेजारी.

मला मढ्याची किळस कधी आली नाही. मी हॉलच्या पायरीवर बसून डबा खायचो. किळस यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. मी धुऊन पुसून दिलेले हाड काही डॉक्टर हातात घ्यायचे, गालाजवळ धरून पोरांना शिकवायचे. पण माझ्या हातचा पाण्याचा पेला त्यांना चालायचा नाही.

हे सगळे अहवालात लिही. माझे नाव नको, अटेंडंटला कोण विचारतो? पण लिही.

लहू


आखन,
१९ जानेवारी २०२५

आदरणीय लहूमामा,
जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. काय लिहू, कळत नाही. आईला मी काही बोलले नाही.

इथे बर्फ पडून गेला, आता नुसता चिखल आहे. मला सर्दी होती, बरी आहे. बाजूच्या फ्लॅटमध्ये हृषिकेश आणि शिवांगी म्हणून पुण्याचं जोडपं आलंय, त्यांनी संक्रांतीला गुळपोळ्या दिल्या. त्यांचा मुलगा मराठी समजतो पण उत्तर जर्मनमध्येच देतो.

अहवालाचं काम चालू आहे. अशा गोष्टींना वेळ लागतो.

तब्येत सांभाळा.

मैत्री


वसमत,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मैत्रीस,
जयभीम आणि खूप आशीर्वाद.

पत्र छोटे आले, पण समजलो. तू कामात असशील. असे काम घाईने करू नये, बरोबर आहे.

एक बातमी आहे. मागच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. उज्ज्वलराव अध्यक्ष आहेत, त्यांना वाटले वर्गणीचे काही असेल. मी म्हणालो, मी क्लार्क नव्हतो. आणि एकतीस वर्षांचे सगळे सांगितले. पिंप, सुरी, सगळे. दोन माणसे उठून बाहेर गेली. मी थांबलो नाही. मग त्या बेटाचे सांगितले, हंड्याचे सांगितले. म्हणालो, माझी भाची जर्मनीत आहे, ती हे सरकारी कागदावर लिहिते आहे.

पुढे बसलेल्या गयाबाईंनी विचारले, “पोरीचं नाव काय व्हतं?” मी म्हणालो, चिठ्ठीत नाव नाही. त्या म्हणाल्या, “नाव लिहाया शाई सरली का मेल्याची?”

घरी येताना उज्ज्वलराव माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आले. त्यांनी माझा हात धरला होता. मला त्या हाताचे फार वाटले.

अहवाल झाला की प्रत पाठव. जर्मनमध्ये असला तरी चालेल. विहाराच्या फळ्यावर लावणार आहे. फोटो मात्र दाखवले नाहीत, शब्द पाळला.

तुझा मामा,
लहू


आखन,
१६ मार्च २०२५

आदरणीय लहूमामा,

फळ्यावर लावण्यासारखं काही नाही.

अहवाल मी १३ डिसेंबरलाच सही करून दिला होता. तुमचं ते पत्र इथे पोचलं ४ जानेवारीला. अहवालात लिहिलंय: ‘मूळ दफनाविषयी निश्चित निष्कर्ष काढता येत नाही.’ आणि तेलकटपणाबद्दल: ‘वार्निश असण्याची शक्यता.’ स्टिफ्टुंगने पहिलं वाक्य जसंच्या तसं मिसेस ऑगस्तना पाठवून मागणी फेटाळली.

तुमचं पत्र उशिरा आलं, असं म्हणून मला सुटता येणार नाही. टिपकागद मी पाहिला होता. स्कॅनमध्ये बिळं नव्हती, ते मला तुमच्याही आधी कळलं होतं. मी फेरट्राग आणि व्हिसा ह्यांचा विचार केला आणि सही केली. आणि १९ जानेवारीला ‘काम चालू आहे’ असं तुम्हाला धडधडीत खोटं लिहिलं. तुम्ही विहारात उभे राहिलात ते माझ्या भरवशावर. ते वाचून मी बाथरूमच्या फरशीवर बसून राहिले.

त्यानंतर जे केलं ते सांगते. टिपकागदावरचं तेल आमच्याच इमारतीतल्या रसायनवाल्यांकडून तपासून घेतलं. वार्निश नाही. चरबी आहे, माणसाची. तो निकाल घेऊन प्रोफेसरांकडे गेले.

“दुरुस्ती करायची आहे,” मी म्हटलं.

त्यांनी वाचलं, चष्मा काढला. “एप्रिलनंतर बघू. तुझी मुदतवाढ होऊ दे.”

“सहा माणसांना उकळलंय.”

“एकोणिसाव्या शतकात ही पद्धतच होती, मैत्री.” असं म्हणून त्यांनी मला बिस्किटं पुढे केली. बशीत मांडून, मामा!

मी त्याच दिवशी दोन्ही गोष्टी, जुना अहवाल आणि त्याची दुरुस्ती, माझ्या नावाने मिसेस ऑगस्तना पाठवल्या. सोमवारी बैठक झाली. प्रोफेसरांच्या शेजारी फ्राऊ ब्रिंकमान होत्या. फोटो बाहेर कोणाला पाठवले का, विचारलं.

मी म्हटलं, “हो, एका तज्ज्ञांना.”

“कुठल्या विद्यापीठातले?”

“वसमतचे.”

ते त्यांनी लिहून घेतलं.

लॅबचं कार्ड काढून घेतलंय. करार वाढणार नाही. ह्याचं मला आता फार वाटत नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी मी समजेन.

मैत्री


वसमत,
८ एप्रिल २०२५

मैत्री,

दोन दिवस मला तुझी किळस आली. खोटे कशाला बोलू. तुझ्या आईने तुझे नाव काढले तर मी उठून बाहेर गेलो.

तिसऱ्या दिवशी मला एक बाई आठवली. आठवली म्हणजे काय, ती कधी गेलीच नव्हती. ९१ किंवा ९२ साल असेल. हॉलच्या दाराशी आली, कडेवर लेकरू. नवरा कामाला गेला तो परतला नाही, कोणी सांगितले मेडिकलला बघ. तिने खुणा सांगितल्या. उजव्या हाताची करंगळी नाही, छातीवर भाजल्याचा डाग. तो माणूस आत टाकीत होता. पाच दिवसांपूर्वी मीच त्याला औषध भरले होते. कागदावर बेवारस म्हणून साहेबांची सही झाली होती. मढे परत द्यायचे म्हणजे साहेबांची चूक निघाली असती, आणि मी तेव्हा रोजंदारीवर होतो, कायम व्हायचो होतो.

मी म्हणालो, “असा कोणी नाही इथं.”

ती तीन दिवस आली. तीनही दिवस मी तेच म्हणालो. चौथ्या दिवशी आली नाही. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. त्याची हाडे मीच उकळली.

विहारात मी पिंपाचे सांगितले, सुरीचे सांगितले. हे सांगितले नाही. लोकांनी माझा हात धरला आणि मी धरू दिला.

तू तीन महिन्यांत तोंड उघडलेस. मला तेहतीस वर्षे लागली आणि तीही तुला लिहिण्यापुरती. तेव्हा मी तुला काय बोलू?

बेटावरच्या बाईंचे उत्तर आले तर कळव. आणि माझ्याविषयी काही विचारले तर खरे सांग. हेही सांग.

लहू


आखन,
८ जून २०२५

आदरणीय लहूमामा,
सप्रेम जयभीम.

उशीर झाला, कारण गोष्ट पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं. काल झाली.

मिसेस ऑगस्तनी दुरुस्ती इथल्या दोन वर्तमानपत्रांना दिली. ते छापून आल्यावर स्टिफ्टुंगला एकाएकी माणुसकी आठवली. त्यांनी पत्रक काढलं की आम्ही ‘मैत्रीच्या भावनेने’ हे अवशेष ‘भेट’ देत आहोत. माझं नाव असं वापरलेलं पाहून मी ते पत्रक चुरगळून टाकलं.

काल ड्युसेलडॉर्फजवळच्या त्यांच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मिसेस ऑगस्तनी मला यायला सांगितलं होतं म्हणून दारात कोणी अडवलं नाही. त्या पासष्टीच्या असतील, बुटक्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. बरोबर दोन पुतणे. एका बाजूला सहा पेट्या आणि दुसऱ्या बाजूला जेवण मांडलेलं! चीज, द्राक्षं, थंड मांसाचे पातळ काप, गुंडाळून गुलाबाच्या फुलासारखे केलेले. फ्राऊ ब्रिंकमान भाषणात अकरा वेळा ‘संवाद’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, “कृपया, आधी थोडं खाऊन घ्या.”

मिसेस ऑगस्त म्हणाल्या, “माझ्या लोकांसमोर?”

लोकांच्या हातातल्या बश्या तशाच राहिल्या. एकाने मात्र हळूच द्राक्ष तोंडात टाकलं. मला त्याचं चावणं ऐकू आलं.

मग सह्यांचा कागद आला. त्यावर ‘सहा वस्तू’ आणि पुढे ‘अवस्था: चांगली’ असं लिहिलेलं. मिसेस ऑगस्तनी मला जर्मन वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्यांनी पेन घेतलं, ‘वस्तू’ खोडून ‘माणसं’ केलं. मग ‘चांगली’ खोडली आणि मला म्हणाल्या, “इथे काय केलं होतं ते लिही. तुझ्या हाताने.” मी लिहिलं: ‘मृत्यूनंतर लगेच उकळून, खरवडून काढलेली. कधीही पुरलेली नाहीत.’

फ्राऊ ब्रिंकमान सही करीनात. वकिलाला फोन झाला. पाऊण तास आम्ही सगळे त्या मांसाच्या गुलाबांच्या वासात उभे होतो. शेवटी दारातल्या वार्ताहराने कॅमेरा वर केला आणि सही झाली. सही करून त्यांनी ओल्या रुमालाने बोटं पुसली.

मधल्या वेळात मिसेस ऑगस्तनी विचारलं, “उकळलंय हे कोणी ओळखलं?” मी तुमच्याबद्दल सांगितलं. ती बाई आणि तिचं लेकरू, तेही सांगितलं, तुम्ही म्हणाला होतात तसं. मिसेस ऑगस्तनी विचारलं, “त्यांनी ते नोकरीसाठी केलं?”

“हो.”

त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं. त्या डॉक्टरची, कल्लेदार मिशांची, हातात पुस्तक घेतलेली. “आणि ह्याने?”

“संग्रहासाठी,” मी म्हटलं.

“तुझ्या मामांना सांग, त्यांना माफ करणं माझ्या हातात नाही. ती बाई जिवंत असेल तर तिला शोधा.” एवढंच बोलल्या. मी जसंच्या तसं लिहिते आहे. मी जुलैत कायमची घरी येते आहे. तुम्हाला हवं असेल तर आपण दोघं शोधू. हवं असेल तरच.

पेट्या गाडीत ठेवताना पुतण्यांनी पाच घेतल्या. सहावी, लहान, मिसेस ऑगस्तनी स्वतः उचलली. मी पुढे होऊन म्हटलं, मी धरू का? त्या नको म्हणाल्या. रागाने नाही, तापाने आजारी मूल झोपलेलं असताना आई म्हणते तसं. मग मी निरोपासाठी हात पुढे केला. त्यांचे दोन्ही हात पेटीखाली होते. माझा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग मी खाली घेतला आणि गाडीचं दार लावून दिलं.

तुमची,
मैत्री